विश्लेषण : डबक्यातल्या पॅरामेशियमपासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंत… वाल्डेमार हाफकिन पाण्यात काय पाहत होते?

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना प्लेगच्या लशीमुळे ठाऊक आहे. पण ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, ते वाल्डेमार हाफकिन डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते आणि लशीकडे वळण्याआधी त्यांची कित्येक वर्षे गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचा अभ्यास करण्यात गेली. पाण्यातला जीव पाहून पाण्याची प्रकृती ओळखायची, हे तंत्र आज प्रदूषण मोजण्यासाठी जगभर वापरले जाते. हाफकिन यांची सुरुवात त्याच वाटेच्या तोंडाशी झाली होती. ज्या आरोपाने त्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, तो खोडून काढतानाही असाच तर्क कामी आला.

ओडेसातली सुरुवात कशी झाली?

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. (योगायोग असा की, विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले तेही १८६० मध्येच.) ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉफ हे गुरू लाभले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे दाखवून देणारे आणि पुढे १९०८ चे नोबेल मिळवणारे ते हेच.

मेचनिकॉफ यांनी आपल्या सिद्धान्ताचा एक महत्त्वाचा पुरावा १८८४ मध्ये मांडला. त्यांचा प्रायोगिक प्राणी होता डाफ्निया, म्हणजे तळ्यात उड्या मारत पोहणारा, पिसवेएवढा कवचधारी जीव. त्याचे शरीर इतके पारदर्शक असते की सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच आतले सगळे दिसते. बुरशीचे सुईसारखे बीजाणू डाफ्नियाच्या शरीरात शिरतात आणि त्याच्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, हे मेचनिकॉफ यांनी पाहिले. हाच डाफ्निया आज रसायनांची विषारीता तपासण्यासाठी जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे. त्याबद्दल पुढे.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी क्रांतिकारकांच्या संपर्कात आले आणि त्यांना अटकही झाली. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये ते होते. पुढे विद्यापीठात बढती हवी असेल तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारणे भाग होते. त्यांनी नकार दिला. मग उरली ती ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातली नोकरी. १८८८ पर्यंत ते तिथेच होते.

संग्रहालयातल्या त्या वर्षांत त्यांनी युग्लिना आणि ॲस्टेशिया या एकपेशीय जिवांवर काम केले. युग्लिना म्हणजे साचलेल्या, घाण पाण्यावर हिरवी साय धरणारा जीव. १९६९ मध्ये सी. मर्विन पामर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सेंद्रिय प्रदूषण सहन करणाऱ्या शैवालांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर युग्लिनाच होता. हाफकिन यांच्या काळात अशी यादी नव्हती. पण कोणत्या पाण्यात कोणता जीव तग धरतो, हे त्यांच्या नजरेखालून रोज जात होते.

पॅरिसमध्ये त्यांनी नेमके काय शोधले?

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. काही काळ जिनिव्हात काढून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. मेचनिकॉफ आधीच तिथे होते. जागा मात्र एकच रिकामी होती, सहायक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असा क्रम सुरू झाला.

१८९० मध्ये त्यांचे दोन महत्त्वाचे शोधनिबंध संस्थेच्या नियतकालिकात आले. पहिला पॅरामेशियमच्या संसर्गजन्य रोगांवर होता. पॅरामेशियम म्हणजे चपलेच्या आकाराचा एकपेशीय जीव, लांबी साधारण पाव मिलिमीटर. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याची आकृती सगळ्यांनी काढलेली असते. त्याच्या केंद्रकात वाढणारे जिवाणू हाफकिन यांनी शोधले आणि त्यांना 'होलोस्पोरा' असे नाव दिले.

दुसरा निबंध आजच्या विषयाला जास्त जवळचा आहे. तो होता सूक्ष्म जीव भोवतालच्या माध्यमाशी कसे जुळवून घेतात यावर. एका द्रवात वाढलेला जीव एकदम वेगळ्या द्रवात टाकला तर त्याला फटका बसतो, अनेकदा तो मरतो. तोच बदल हळूहळू केला तर तो टिकतो. प्रतिकारशक्ती म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर हाफकिन या प्रयोगांतून शोधत होते. एखाद्या विषाची सवय जिवाला लावता येते का, हा त्यांचा मुद्दा होता. लशीच्या कल्पनेपर्यंत ते याच रस्त्याने आले.

प्रदूषण तपासणाऱ्यांसाठीही ही गोष्ट कळीची आहे. ती समजण्यासाठी चरित्र जरा थांबवून तंत्राकडे पाहू.

पाण्यातले किडे प्रदूषण कसे सांगतात?

नदीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले की त्या क्षणी त्यात काय होते ते कळते. कारखान्याने रात्री दोन वाजता सांडपाणी सोडले आणि नमुना सकाळी दहाला घेतला, तर कागदावर सगळे ठीक दिसू शकते. तळाच्या दगडाखाली राहणाऱ्या अळ्या, गोगलगायी, शिंपले यांना मात्र रात्री दोनला पळून जायला जागा नसते. ते आठवडेच्या आठवडे, काही तर महिनेच्या महिने त्याच पाण्यात काढतात. काय घडून गेले याची नोंद त्यांच्या असण्यात किंवा नसण्यात राहते.

जर्मनीत रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सन यांनी १९०२ मध्ये या निरीक्षणाला पद्धतीचे रूप द्यायला सुरुवात केली. पुढे ब्रिटनमध्ये गुणपद्धत आली. स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय या नाजूक कीटकांच्या बहुतेक कुटुंबांना १० गुण, लाल रंगाच्या कायरोनोमिड अळ्यांना २ आणि गांडुळाच्या जातकुळीतल्या बारीक जंतांना १. घरी मासे पाळणारे ज्यांना ट्युबिफेक्स म्हणून ओळखतात, ते याच शेवटच्या गटातले. त्यांच्या आणि कायरोनोमिड अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. त्यामुळे ऑक्सिजन जवळपास संपलेल्या गाळातही ते जगतात. नमुन्यात फक्त हेच सापडले, तर पाणी आजारी आहे हे समजायला वेगळे यंत्र लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर भारतीय नद्यांसाठी जैविक निकष तयार केले. त्यात स्वच्छ ते तीव्र प्रदूषित असे पाच वर्ग आहेत.

ही पद्धत मुख्यतः सांडपाण्यासाठी जन्मली. रसायनांसाठी डाफ्निया कामी येतो. २४ तासांपेक्षा कमी वयाची पिल्ले वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणात सोडायची आणि ४८ तासांनी किती पिल्लांची हालचाल थांबली ते मोजायचे. भारतातल्या सांडपाण्याच्या नियमांत हाच प्रयोग माशांवर करायचा आहे : शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत.

अडचण तीच, जी हाफकिन यांनी १८९० मध्ये मांडली होती. विष हळूहळू वाढले तर जीव सरावतो. वर्षानुवर्षे गढूळ झालेल्या नाल्यात उरलेले किडे ठणठणीत दिसतात, कारण नाजूक होते ते कधीच संपलेले असतात. म्हणून 'किडे आहेत, म्हणजे पाणी बरे आहे' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. कोणते आहेत आणि कोणते नाहीत, हे दोन्ही पाहावे लागते. शिवाय काहीतरी बिघडले एवढेच किडे सांगतात, नेमके कोणते रसायन ते सांगत नाहीत.

मुंबईच्या तळ्यांचा याच्याशी काय संबंध?

हाफकिन इथे येण्याच्या सुमारे पन्नास वर्षे आधी हेन्री जॉन कार्टर हा लष्करी डॉक्टर मुंबईच्या तळ्यांत उतरून गोड्या पाण्यातले स्पंज गोळा करत होता. त्याने वर्णन केलेल्या जाती आजही संदर्भासाठी वापरल्या जातात आणि एका जातीला त्याचेच नाव आहे. त्या तळ्यांपैकी बहुतेक पुढे बुजवली गेली. धोबी तलाव आणि सी. पी. टँक ही नावे तेवढी बसच्या पाट्यांवर राहिली. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव मात्र शाबूत आहे. पितृपक्षातल्या विधींनंतर तिथे मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. मासे वर येतात तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन आधीच तळाला गेलेला असतो. खालच्या छोट्या जिवांकडे कोणी पाहत असते, तर अंदाज थोडा आधी आला असता.

लशीकडे ते कसे वळले?

युरोपात कॉलऱ्याची साथ होती. पॅरामेशियम बाजूला ठेवून हाफकिन यांनी कॉलऱ्याचा जिवाणू हाती घेतला. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला आणि त्यांनी निष्कर्ष जाहीर केले.

१८९३ मध्ये ते भारतात आले. मार्च १८९४ मध्ये कोलकात्याचे आरोग्य अधिकारी सिम्पसन यांनी त्यांना एका वस्तीतल्या तळ्याचे पाणी तपासायला बोलावले. कॉलऱ्याचा जिवाणू त्यात आहे का, हा प्रश्न होता. लोक त्याच तळ्याचे पाणी पीत, त्यातच भांडी घासत आणि कपडे धूत. काटाल बागान या वस्तीत सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर आणखी १० जणांना कॉलरा झाला, त्यातले ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांतले होते. पाणी तेच, तळे तेच, फरक फक्त लशीचा. इतकी स्वच्छ तुलना मिळणे हे संशोधकाचे भाग्यच.

मुंबईत काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ७ ऑक्टोबरला हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली आणि तिच्याबाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली.

प्लेगचा जिवाणू मांसाच्या रश्शात वाढवताना त्यांनी एक साधी युक्ती केली. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जिवाणूंच्या वसाहती त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायच्या. भांडे हलवले की त्या तुटून तळाशी जात आणि वर नव्या वाढत. मग हे द्रावण तापवून जिवाणू मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा स्वतःलाच टोचून घेतले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले स्वेच्छेने पुढे आलेले कैदी आणि मग शहर.

लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. आगा खान तिसरे यांनी स्वतः जाहीरपणे लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. गिरण्यांच्या धुराड्यांनी वेढलेली ही इमारत गव्हर्नरांनी आधीच सोडली होती. त्यामागेही कॉलरा होता : गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा १८८२ मध्ये याच इमारतीत कॉलऱ्याने मृत्यू झाला होता.

मुल्कोवाल प्रकरण काय होते?

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले. सरकारने तिथे मोठी लसीकरण मोहीम आखली आणि परळवर उत्पादनाचा प्रचंड ताण आला. वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी रश्शाऐवजी अगारवर जिवाणू वाढवण्याची पद्धत स्वीकारली. तिच्यात कार्बोलिक आम्ल वगळले होते.

कार्बोलिक आम्ल म्हणजे आजचे फिनॉल. जुन्या पद्धतीत लशीत त्याचे प्रमाण ०.५ टक्के असे, म्हणजे लिटरमागे सुमारे ५,००० मिलिग्रॅम. आज नदीत सोडायच्या सांडपाण्यात फिनॉलची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. साधारण दहा मिलिग्रॅमच्या घरात ते गेले की डाफ्नियाची हालचाल थांबू लागते. बाटलीत जे रसायन जंतूंना रोखते, तेच नदीत प्रदूषण ठरते. ते घातले नाही तर बाटलीत शिरलेल्या जंतूला अडवणारे काही राहत नाही, असा टीकाकारांचा आक्षेप होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना आठवडाभराने धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सगळे मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली होती. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. ती ४१ दिवसांपूर्वी परळमध्ये भरली होती.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. दूषितीकरण बाटली उघडण्यापूर्वी, म्हणजे प्रयोगशाळेतच झाले, असा त्याचा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांच्याकडून प्रयोगशाळेचा कारभार गेला आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. तेव्हा त्यांचे वय ४४ होते. धर्म बदलायला नकार देऊन ज्यांनी एक कारकीर्द गमावली होती, त्यांची दुसरीही आता हातची गेली.

निर्दोषत्व कसे सिद्ध झाले?

इथे पुन्हा तोच तर्क येतो : द्रवात जीव असेल, तर तो आपली खूण ठेवतो.

धनुर्वाताचा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि वाढताना उग्र वास सोडतो. ४१ दिवस तो बंद बाटलीत असता, तर बाटली उघडताच वास आला असता. उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. दुसरा मुद्दा वेळेचा. इतके दिवस जिवाणू वाढत राहिला असता, तर बाटलीत तयार विष साठले असते आणि रुग्णांना लक्षणे लवकर दिसली असती. प्रत्यक्षात आठवडा गेला. म्हणजे आत गेले ते थोडे, ताजे जिवाणू. शिवाय बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुच काढायला वापरला गेला, हेही साक्षीत आले होते. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

हे सगळे आयोगापुढे होते, तरीही दोष प्रयोगशाळेच्या माथी गेला. इथे प्रशासनाची घाई दिसते, विज्ञानाची नाही. चौकशीची कागदपत्रे सविस्तर बाहेर आल्यावर मलेरियासाठी १९०२ चे नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. त्यात कोलकात्याचे सिम्पसनही होते. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले.

परळची प्रयोगशाळा मात्र परत मिळाली नाही. त्यांना कोलकात्यात नेमणूक दिली गेली आणि लस माणसांवर वापरून पाहण्याचे काम त्यांच्या हाती राहिले नाही. दोषमुक्त ठरलेल्या माणसाला अर्धवट काम देणे हा कसला न्याय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

शेवटची वर्षे

त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते धर्माकडे अधिक वळले आणि साठवलेला पैसा त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, ते हयात असतानाच. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

पॅरामेशियमच्या केंद्रकात सापडलेल्या त्या जिवाणूचे नाव आजही होलोस्पोराच आहे. १९८१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ते नव्या नियमांनुसार पुन्हा अधिकृत केले. जिवाणूंच्या यादीत त्या नावापुढे कंसात मूळ नाव देणाऱ्याचा उल्लेख येतो : हाफकिन, १८९०.